चौतीस दिवसांचा हंगाम : भोपाळ बादशाह आणि आपण

हॉकी इंडिया लीगचे सामने दूरदर्शन संचावर सुरू झाले की आपल्या घरांतली शाळकरी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. कलिंग आहे, हैदराबाद आहे, तमिळनाडू आहे, मग भोपाळ का नाही? आपले शहर तर हॉकीचे म्हणवले जाते. मोठी माणसे यावर "होता की एकदा आपलाही संघ" असे म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो. तो संघ कोणता, कधी खेळला, किती दिवस टिकला आणि का संपला, हे नीट सांगितले जात नाही. म्हणून या लेखात आम्ही ती सगळी हकीकत क्रमाने मांडत आहोत. हॉकीतले फारसे कळत नसलेल्या सभासदांनाही समजावे, असा प्रयत्न आहे.

हंगाम कोणता?

संघाचे नाव होते भोपाळ बादशाह आणि स्पर्धेचे नाव वर्ल्ड सिरीज हॉकी. स्पर्धा आधी डिसेंबर २०११ मध्ये व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी चंदीगडला ती सुरू झाली आणि २ एप्रिल २०१२ रोजी मुंबईत अंतिम सामन्याने संपली. पहिला दिवस आणि शेवटचा दिवस धरून एकंदर चौतीस दिवस. सलामीचा सामनाच चंदीगड कॉमेट्स आणि आपले भोपाळ बादशाह यांच्यात होता.

संघ आठ होते : भोपाळ बादशाह, चंदीगड कॉमेट्स, चेन्नई चीताज, दिल्ली विझर्ड्स, कर्नाटक लायन्स, मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स आणि शेर-ए-पंजाब. प्रत्येक संघाने बाकीच्या सातही संघांशी दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चौदा सामने. आठ संघांचे मिळून छप्पन्न साखळी सामने होतात. त्यात दोन उपांत्य आणि एक अंतिम मिळवला की एकोणसाठ. पाच आठवडेही पुरते नसलेल्या काळात एकोणसाठ सामने! खेळाडूंचे पाय, प्रवास आणि दुखापती यांचा विचार केला तर हे वेळापत्रक किती दाटीचे होते, ते लक्षात येईल.

बादशाहांचा कर्णधार होता समीर दाद, आपल्याच शहराचा मुलगा, २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला. प्रशिक्षक होते वासुदेवन भास्करन. १९८० साली मॉस्कोला भारताने हॉकीतले आठवे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, त्या संघाचे ते कर्णधार. घरचे मैदान अर्थातच ऐशबाग.

निकाल लपवण्यात अर्थ नाही. बादशाह पहिल्या चारांत पोहोचले नाहीत. अंतिम सामना मुंबईच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर शेर-ए-पंजाब आणि पुणे स्ट्रायकर्स यांच्यात झाला आणि पंजाबने तो ५-२ असा जिंकला. तरीही या हंगामाचे मोल आपल्यासाठी तक्त्यातल्या क्रमांकावर ठरत नाही. ते का, हे कळण्यासाठी आधी लीग म्हणजे काय ते पाहू.

स्पर्धा आणि लीग यांत फरक काय?

भोपाळला हॉकीच्या स्पर्धा नव्या नाहीत. ओबेदुल्ला खाँ सुवर्ण चषक १९३१ पासूनचा. अशा स्पर्धेत देशभरातले संघ एका गावी येतात, हरला तो घरी जातो, आठ-दहा दिवसांत विजेता ठरतो. खेळणारे संघ बहुतेक नोकरी देणाऱ्या संस्थांचे : रेल्वे, विमान कंपन्या, पोलीस, सैन्यदल, तेल कंपन्या. खेळाडूचा पगार त्या संस्थेकडून आणि त्याची निष्ठाही त्या संस्थेशी. प्रेक्षक म्हणून आपण चांगल्या खेळाला टाळ्या वाजवतो, पण त्यातला कुठलाही संघ आपला नसतो.

लीगमध्ये, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत साखळी स्पर्धेत, हरला म्हणून कोणी घरी जात नाही. आज हरलात तर परवा पुन्हा उभे राहायचे. संघ शहराच्या नावाने असतो. अर्धे सामने आपल्या गावी, अर्धे समोरच्याच्या गावी. खेळाडूला संघमालक करारानुसार पैसे देतो, म्हणून ती व्यावसायिक लीग. मालकाला पैसे तिकिटे, प्रायोजक आणि प्रक्षेपण यांतून परत मिळायचे असतात. या सगळ्यात गावाचा वाटा एकच, पण तो नसेल तर बाकीचे कोसळते : लोकांनी मैदानात यायचे आणि संघाला आपला म्हणायचे.

भारतात हॉकीत हा प्रयोग पहिल्यांदा २००५ साली प्रीमियर हॉकी लीगने केला. तिथे मराठा वॉरियर्स नावाचा संघ होता आणि धनराज पिल्ले त्याचा कर्णधार. सत्तर मिनिटांचा खेळ दोन अर्धांऐवजी चार भागांत खेळवण्याची पद्धत या भारतीय लीगमधून रुळली, म्हणजे प्रत्येक भाग साडेसतरा मिनिटांचा. त्या वेळी जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली होती. पण २०१४ पासून आंतरराष्ट्रीय महासंघानेच सामने चार भागांत, पंधरा-पंधरा मिनिटांचे केले. आज आपण पाहतो ती हॉकी त्याच साच्यातली आहे.

प्रीमियर लीग २००८ पर्यंत चालली. वर्ल्ड सिरीज हा तिच्यानंतरचा मोठा प्रयत्न, आणि त्यात भोपाळ होते.

भोपाळच का?

आठ शहरांत चंदीगड, दिल्ली, मुंबई, चेन्नई ही नावे कोणालाही सुचतील. भोपाळ त्या मानाने लहान. पण हॉकीच्या नकाशावर आपले शहर लहान नव्हते.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघात भोपाळचे अहमद शेर खाँ आणि अहसान मोहम्मद खाँ होते. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताने लंडनला पहिले सुवर्ण जिंकले तेव्हा भोपाळचे लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन भारताच्या संघात होते. पुढे दोघेही पाकिस्तानकडून ऑलिंपिक खेळले. फाळणीने माणसे कशी वाटली गेली, याचा हा एक दाखला या गावाच्या हॉकीतच आहे. १९६८ ला मेक्सिकोत इनाम-उर-रहमान होते, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये जलालुद्दीन रिझवी.

आणि अस्लम शेर खाँ. अहमद शेर खाँ यांचे हे चिरंजीव. १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत मागे होता, वेळ संपत आली होती. बदली खेळाडू म्हणून अस्लम मैदानात उतरले, गळ्यातल्या तावीजाचे चुंबन घेतले आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. भारताने तो सामना जिंकला आणि पुढे पाकिस्तानला हरवून विश्वचषकही. पुरुषांच्या हॉकीत भारताचा तो आजवरचा एकमेव विश्वचषक. याच अस्लम शेर खाँना १९८४ साली बैतूलने लोकसभेत निवडून दिले. बैतूल-मुलताईकडच्या आपल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. मराठी बोलणाऱ्या मोठ्या वस्तीच्या त्या जिल्ह्याचा खासदार भोपाळचा हॉकीपटू होता.

नुसते भोपाळच नाही, सारा मध्य प्रदेश हॉकीत पुढे होता. देशातली पहिली राष्ट्रीय हॉकी संघटना, इंडियन हॉकी फेडरेशन, ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ग्वाल्हेरला स्थापन झाली. १९४८ च्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार किशनलाल महूचे. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिके गाजवणारे गोलरक्षक शंकर लक्ष्मण हेही महूचेच.

मग ओहोटी का लागली? त्याचे एक मोठे कारण आहे जमीन. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. भारत सातवा आला. कृत्रिम मैदानावर चेंडू वेगाने आणि सरळ धावतो. तिथे दमसास आणि जोर लागतो. मातीवर आणि गवतावर चेंडू काठीला चिकटवून नेण्यात भोपाळची मुले वाकबगार होती, पण ते कसब आता पुरेसे राहिले नाही. आणि असे मैदान घालायला लागणारा पैसा मोहल्ल्यातल्या क्लबाकडे कुठून येणार? ज्या गावात प्रत्येक गल्लीत काठ्या खडखडत होत्या, तिथे चांगली हॉकी शिकायला एका-दोन मैदानांशिवाय जागा राहिली नाही. हळूहळू मुलांच्या हातात बॅट आली.

या पार्श्वभूमीवर २०१२ मध्ये आठ शहरांच्या यादीत भोपाळचे नाव येणे म्हणजे गावाच्या जुन्या लौकिकाला कोणीतरी बाहेरून दिलेली दाद होती.

आपला संघ कोणता?

आता आपल्या मंडळाच्या दृष्टीने खरा प्रश्न.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला आली. तोवरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. सचिवालयातले कारकून, अधिकारी, शिक्षक असे कितीतरी मराठी कुटुंबकबिले नागपूरहून इथे आले. कोणी ग्वाल्हेर-इंदूरहून आले. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने आणखी घरे आणली. आज तिसरी-चौथी पिढी इथे आहे. गणपती इथे बसतात, लग्ने इथे ठरतात, पण क्रिकेटचा रणजी सामना लागला की घरातले एखादे आजोबा अजूनही "आपली मुंबई" म्हणतात.

वर्ल्ड सिरीजने हा गमतीचा पेच उघड्यावर आणला. एकाच स्पर्धेत मुंबईही होती, पुणेही होते आणि भोपाळही होते. दुहेरी साखळीमुळे बादशाहांची गाठ मुंबईशी दोनदा आणि पुण्याशी दोनदा पडणार होती. त्यात धनराज पिल्ले, खडकीत वाढलेला, चार ऑलिंपिक खेळलेला, महाराष्ट्राने आपला मानलेला खेळाडू, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी या स्पर्धेत उतरला तो कर्नाटक लायन्सकडून! तेव्हा नावावरून, गावावरून, भाषेवरून निष्ठा ठरवायची म्हटली तर सगळाच गोंधळ.

आमचे मत असे की त्या महिन्याने हा गोंधळ सोडवण्याची एक सोपी रीत दाखवली. ज्या मैदानात आपण चालत किंवा दुचाकीवर जाऊ शकतो, ज्या संघाच्या पराभवाची चर्चा दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयात आणि भाजीवाल्याकडे होते, तो संघ आपला. यात मुंबई-पुण्याशी असलेले नाते तुटत नाही. आजोळ आजोळच राहते. पण घर कुठे आहे, हे कळायला कधी कधी असा एखादा सामना लागतो. नव्या भोपाळातल्या आपल्या वस्त्यांतून जुन्या शहराच्या बाजूला, ऐशबागला, केवळ आनंदासाठी जायचे निमित्त आपल्याला एरवी फार वेळा मिळत नाही. लीगने शहराच्या दोन भागांना एकाच बाजूने ओरडायला लावले, हे तिचे खरे काम.

मग संपले का?

खेळ वाईट होता म्हणून नाही. मूळ कारण कागदावरचे होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोला भारत पात्रता फेरीत हरला आणि ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ऑलिंपिकला मुकला. पुढच्याच महिन्यात इंडियन हॉकी फेडरेशनचे सचिव एका वाहिनीच्या छुप्या चित्रणात अडकले आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने फेडरेशनला निलंबित केले. २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संघटना उभी राहिली. जुनी फेडरेशन मात्र हटली नाही, वाद न्यायालयांत गेला. देशात हॉकीची दोन घरे झाली आणि दोन्ही म्हणत की खरे घर आमचे.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ हॉकी इंडियाला मानत होता. वर्ल्ड सिरीज मात्र जुन्या फेडरेशनने निंबस स्पोर्ट या खासगी कंपनीला बरोबर घेऊन भरवली. म्हणजे महासंघाच्या लेखी ती अमान्य स्पर्धा. अमान्य स्पर्धेत खेळणाऱ्याला देशाच्या संघाचे दार बंद होण्याची भीती होती. ही भीती पोकळ नव्हती. पाकिस्तानच्या रेहान बट आणि शकील अब्बासी यांच्यासारख्या नावाजलेल्या खेळाडूंवर इथे खेळल्याबद्दल त्यांच्या संघटनेने कारवाई केली. लंडन ऑलिंपिकच्या आधी ते संघात परतले, तो भाग वेगळा.

वेळ तर फारच अवघड होती. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्लीत भारताने फ्रान्सला ८-१ असे हरवून लंडन ऑलिंपिकचे तिकीट मिळवले. संदीपसिंगने एकट्याने पाच गोल केले. सारा देश बऱ्याच वर्षांनी हॉकीबद्दल बोलत होता. तीनच दिवसांनी वर्ल्ड सिरीज सुरू झाली आणि ज्यांच्याबद्दल देश बोलत होता, ते राष्ट्रीय संघातले बहुतेक खेळाडू तिच्यात नव्हते. त्यांना ऑलिंपिक आणि लीग यांतून एक निवडायचे होते. खेळाडूने काय निवडावे, हे आपण कोणीही सांगू शकतो. लंडनमध्ये भारत सगळे सामने हरून बारावा, म्हणजे शेवटचा आला, ही त्यानंतरची कडू गोष्ट.

राष्ट्रीय खेळाडू नाहीत म्हणून प्रेक्षक आणि जाहिरातदार कमी, ते कमी म्हणून पैसा कमी. खेळाडूंच्या थकलेल्या मानधनाचा विषयही पुढे वर्तमानपत्रांत येत राहिला. दुसऱ्या हंगामाची घोषणा झाली, तो पुढे ढकलला गेला आणि मग झालाच नाही.

क्रिकेटमध्ये असे आधी घडून गेले होते. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात केरी पॅकरने मंडळाला न जुमानता वर्ल्ड सिरीज क्रिकेट उभे केले. दोन हंगामांनंतर तडजोड झाली, पण रंगीत कपडे आणि प्रकाशझोतातले सामने ही त्याची देणगी खेळात राहिली. २००७ मध्ये आपल्याकडे इंडियन क्रिकेट लीग आली. क्रिकेट मंडळाने तिच्या खेळाडूंवर बंदी घातली आणि २००८ मध्ये स्वतःची आयपीएल काढली. इंडियन क्रिकेट लीग विरून गेली. हॉकीतही पावले तशीच पडली. जानेवारी २०१३ मध्ये हॉकी इंडियाने मान्यताप्राप्त हॉकी इंडिया लीग सुरू केली. बंडाने वाट दाखवायची आणि मान्यताप्राप्त घराने तिच्यावरून चालायचे, असा हा रिवाजच आहे.

नव्या लीगमध्ये भोपाळ का नाही?

२०१३ च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये पाच संघ होते : रांची, दिल्ली, मुंबई, पंजाब आणि उत्तर प्रदेश. पहिले विजेतेपद रांची ऱ्हायनोजने मिळवले. भोपाळ नव्हते. २०१७ नंतर ही लीग बंद पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ झाले. तरीही त्यांत भोपाळ नाही.

याचे उत्तर मुलांना सरळ सांगावे. अशा लीगमध्ये शहराचा संघ गावाच्या इतिहासावर मिळत नाही. तो विकत घेणारा मालक लागतो. ओडिशा सरकारने हॉकीमागे स्वतःची तिजोरी उभी केली म्हणून आज भुवनेश्वर आणि राउरकेला ही नावे हॉकीशी जोडली गेली. आपल्याकडे मोठ्या उद्योगांची मुख्यालये थोडी. दहा-दहा वर्षे तोटा सोसून हॉकी संघ चालवीन म्हणणारा उद्योगपती अजून पुढे आलेला नाही. प्रायोजकाच्या हिशेबात भोपाळ ही मध्यम बाजारपेठ आहे. यात गावाचा कमीपणा नाही, पण वस्तुस्थिती आहे.

दुसरीही एक गोष्ट पाहावी. नव्या हॉकी इंडिया लीगचे २०२४-२५ च्या हंगामातले सामने राउरकेला आणि रांची या दोनच गावी झाले. म्हणजे हैदराबादचा संघ हैदराबादला खेळलाच नाही. आपल्या राज्याच्या क्रिकेटमध्ये २०२४ ला सुरू झालेल्या मध्य प्रदेश लीगमध्ये भोपाळ लेपर्ड्स नावाचा संघ आहे, पण त्या वर्षीचे सामने झाले ग्वाल्हेरला. एकाच गावी सगळे सामने ठेवले की प्रवास आणि प्रक्षेपण यांचा खर्च वाचतो, आयोजकांची सोय होते. पण ज्या गावाचे नाव छातीवर आहे, तिथल्या माणसाला संघ फक्त पडद्यावर दिसतो. वर्ल्ड सिरीज हॉकी चुकली असेल अनेक ठिकाणी, मात्र संघाने स्वतःच्या गावी खेळावे, ही गोष्ट तिला बरोबर कळली होती.

मागे काय उरले?

इथे आमच्या म्हणण्याचा गाभा येतो. बादशाहांचा संघ गेला, तरी भोपाळची हॉकी संपली नाही. कारण संघापेक्षा खोल असे काहीतरी त्याच काळात इथे रुजत होते. राज्य सरकारच्या हॉकी अकादमीचे काम भोपाळला चालू होते आणि मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव, १९७५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात विजयी गोल करणारे अशोककुमार, तिथे मुले घडवत होते.

इटारसीजवळच्या एका खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा, विवेक सागर प्रसाद, अकोल्याच्या एका स्पर्धेत अशोककुमारांच्या नजरेस पडला आणि भोपाळच्या अकादमीत आला. २०१२ च्या मार्चमध्ये, बादशाह खेळत होते तेव्हा, तो जेमतेम बारा वर्षांचा होता. मणिपूरहून आलेला नीलकांत शर्मा त्याच सुमारास याच अकादमीत शिकत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले, त्या संघात हे दोघेही होते. साखळीत अर्जेंटिनाविरुद्ध अखेरच्या मिनिटांत विवेकने केलेला गोल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २०२४ ला पॅरिसमध्येही विवेकने कांस्यपदक घेतले.

२०२२ मध्ये पुरुषांची आणि महिलांची अशा दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भोपाळला झाल्या. म्हणजे मैदान आहे, शिकवणारे आहेत, शिकणारी मुले-मुली आहेत. नाही तो फक्त शहराच्या नावाचा संघ. यातला कोणता भाग आधी लागतो, हे वरच्या हकीकतीवरून स्पष्ट व्हावे. संघ पैशाने एका वर्षात उभा राहतो आणि एका वर्षात जातो. अकादमीला फळ यायला दहा वर्षे लागतात, पण ते कुठल्या संघटनांच्या भांडणात वाहून जात नाही.

घरच्यांसाठी तीन गोष्टी

आपल्या मंडळात अनेक घरांतली मुले-मुली आता खेळाकडे गंभीरपणे पाहतात. हॉकी असो, कबड्डी असो की क्रिकेट, गल्लोगल्ली लीग निघत आहेत आणि करार घेऊन माणसे दारात येतात. २०१२ च्या हंगामाने शिकवलेल्या तीन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात असे आम्हांला वाटते.

पहिली, स्पर्धेला त्या खेळाच्या राज्य आणि राष्ट्रीय संघटनेची मान्यता आहे का, हे सही करण्याआधी विचारावे. तोंडी उत्तरावर थांबू नये, पत्र पाहावे. भल्याभल्या ऑलिंपिकपटूंना जो पेच पडला तो सोळा वर्षांच्या मुलाला पडू नये.

दुसरी, मानधन किती यापेक्षा ते कधी आणि कोणाकडून मिळणार, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार, हे करारात लिहिलेले असावे. चौदा सामने एका महिन्यात खेळणारे शरीर बाविसाव्या वर्षीही थकते.

तिसरी, लीग महिनाभराची, उरलेले अकरा महिने मूल कुठे खेळणार ते आधी ठरवावे. चांगले मैदान आणि चांगला शिक्षक मिळाला असेल तर लीगची घाई नको.

आणि जे खेळत नाहीत, त्यांनी निदान पाहायला जावे. भोपाळला राष्ट्रीय किंवा कनिष्ठ गटाच्या स्पर्धा होत असतात. मुलांना घेऊन एखादी संध्याकाळ मैदानात काढावी. पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय, ते पडद्यापेक्षा गोलाच्या मागे बसून लवकर कळते. फळीवर आपटलेल्या चेंडूचा आवाज एकदा ऐकला की मग समजावून सांगावे लागत नाही. भोपाळच्या नावाचा संघ पुन्हा कधी उभा राहील, ते मालक आणि संघटना ठरवतील. पण तो उभा राहील त्या दिवशी ऐशबागच्या पायऱ्या भरलेल्या असाव्यात, एवढे आपल्या हातात आहे, आणि त्याची सवय आधीपासून लावावी लागते.